गणपती पेठेतील जुन्या पेढीच्या इमारतीचे वय कसे ठरवावे आणि दुरुस्तीला कोठून सुरुवात करावी?

गणपतीपेठकर (सांगली)

नमस्कार. सांगलीच्या गणपती पेठेत आमच्या घराण्याची अडत पेढीची जुनी दुमजली इमारत आहे. हळद आणि गुळाचा व्यापार पुढे मार्केट यार्डात गेल्यापासून तिचा दर्शनी भाग किराणा मालाच्या घाऊक दुकानाला भाड्याने दिलेला असून मागची वखार आणि वरची माडी आमच्याकडेच आहे. आता सर्व भावंडांच्या संमतीने दुरुस्ती करायचे ठरते आहे. त्याआधी ही इमारत नेमकी केव्हाची आहे आणि तिच्यातले काय कोणत्याही परिस्थितीत काढू नये, हे समजून घ्यावे असे मला वाटते.

इमारतीची रचना अशी आहे. रस्त्याच्या बाजूला घडीव काळ्या दगडाचे उंच जोते, त्यावर रुंद ओटा आणि पाच खणांचे दर्शनी दुकान आहे. दुकानाला खाचेत सरकवून बसवायच्या सुट्या फळ्यांची दारे आहेत आणि प्रत्येक फळीवर तिचा क्रमांक कोरलेला आहे. ओट्यावर ओतीव लोखंडाचे बारीक खांब असून त्यांच्यावर माडीची गॅलरी टेकलेली आहे. दुकानामागे पेढीची बैठक, तिच्यामागे वखार, मग चौक आणि आड, आणि चौकापलीकडे आणखी एक वखार. माडीला सागवानी कडीपाट (लाकडी तुळया आणि फळ्यांचे छत) आहे, परंतु दोन्ही वखारींचे छत लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये भरलेल्या विटांच्या चपट्या कमानी अशा पद्धतीचे आहे. वर सर्वत्र मंगलोरी कौले आहेत.

वयाबद्दल घरात दोन मते आहेत. कौलांच्या खालच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत 'बासेल मिशन' आणि '१८६५' असे उठावदार छापलेले असल्यामुळे माझे चुलतभाऊ इमारत १८६५ सालची मानतात. दुसरीकडे, मुख्य दाराच्या गणेशपट्टीवर (चौकटीच्या वरच्या, गणपती कोरलेल्या आडव्या पट्टीवर) एक लेख कोरलेला आहे. त्यावर तैलरंगाचे अनेक थर चढलेले आहेत आणि शकाचे शेवटचे दोन आकडे झिजलेले आहेत. जेवढे वाचता येते तेवढे असे: 'शके १८.. आनंदनाम संवत्सरे माघ शुद्ध ५'. एवढ्यावरून साल निश्चित करता येईल का?

दुसरा प्रश्न अधिक तातडीचा आहे. २००५ च्या महापुरानंतर आतल्या भिंतींचा खालचा गिलावा काढून तेथे सिमेंटचा गिलावा करण्यात आला होता. २०१९ च्या पुरात पाणी पुन्हा आत शिरले. त्यानंतर सिमेंटचा तोच भाग फुगून पडतो आहे आणि आतल्या विटांचा भुगा होतो आहे. वरचा जुना चुन्याचा गिलावा मात्र बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे. ठेकेदाराचा सल्ला असा की सगळा गिलावा काढून जलरोधक रसायन घातलेले सिमेंट लावावे आणि वखारींच्या कमानी पाडून आरसीसी स्लॅब टाकावा. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मोडीवाचक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या गणेशपट्टीतच आहे, आणि झिजलेले आकडे नसतानाही ते निघते. साठ संवत्सरांचे चक्र ठरलेले असल्यामुळे 'आनंद' हे नाव साठ वर्षांतून एकदाच येते. शके १८४९, म्हणजे १९२७ साली, प्रभव संवत्सरापासून नवे चक्र सुरू झाले. त्याच्या मागच्या चक्रात अठ्ठेचाळिसावे असलेले आनंद संवत्सर शके १८३६ ला येते. त्याच्या आधीचे आनंद शके १७७६ चे आणि नंतरचे शके १८९६ चे. आपल्या लेखात शकाचे पहिले दोन आकडे १८ असे स्पष्ट असल्याने १७७६ आपोआप बाद होतो. १८९६ म्हणजे इसवी सन १९७४-७५ असल्याने तोही विचारात घेण्याचे कारण नाही. राहतो तो शके १८३६.

येथे एक काळजी घ्यावी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा हिशेब चैत्रापासून साधारण पौषापर्यंत चालतो. माघातली तिथी पुढच्या इसवी वर्षात पडते, म्हणून येथे ७९ मिळवावे लागतात. शके १८३६ ची माघ शुद्ध पंचमी, म्हणजे वसंत पंचमी, जानेवारी १९१५ मध्ये आली होती. गणेशपट्टीवरची तिथी बहुतेक वेळा चौकट बसवल्याची किंवा वास्तुशांतीची असते. त्यामुळे बांधकाम १९१३-१४ च्या सुमारास सुरू झाले असावे, असे मानायला हरकत नाही. मात्र जुन्या वाड्याची चौकट काढून नव्या इमारतीला बसवण्याची रीतही आपल्याकडे होती. म्हणून चौकटीचे लाकूड आणि तिच्याभोवतीची भिंत एकाच वेळची आहे का, हे गवंड्याकडून पाहून घ्यावे.

कौलांवरचे १८६५ हे साल इमारतीचे नाही, आणि त्या कौलाचेही नाही. जर्मन मिशनरी जॉर्ज प्लेब्स्ट यांनी बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ साली सुरू केला, आणि स्थापनेचे ते वर्ष पुढे कितीतरी वर्षे कौलांच्या छापात राहिले. कोकणात आणि देशावर या एका आकड्यामुळे अनेक घरांचे वय पन्नास वर्षांनी वाढवून सांगितले जाते. तरीही त्या छापाचा उपयोग आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मिशनचे उद्योग त्यांच्या हातून गेले आणि नंतर कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे आले. त्यामुळे बासेल मिशनच्या नावाचे कौल साधारणपणे त्या बदलाच्या आधीचे मानता येते, आणि ते आपल्या १९१५ शी जुळते. छपरावर दुसऱ्या कारखान्यांची कौले मिसळलेली असतील, तर ती नंतरच्या डागडुजीत आलेली असणार.

कागदपत्रांसाठी आधी घरातल्याच जुन्या वह्या शोधा. रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणीत (खातेवहीत) बांधकामाचा खर्च स्वतंत्र खाते घालून लिहिलेला असतो: चुना, वीट, सागवान, सुतारांची मजुरी, गाडीभाडे. त्या काळच्या वह्या मोडीत असण्याची शक्यता बरीच आहे. मोडी येत नाही म्हणून त्या रद्दीत देऊ नयेत. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा उताराही काढावा. सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते आणि ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तेव्हा १९१५ चा बांधकाम परवाना किंवा खरेदीखत शोधताना ते संस्थानी अंमलाखालचे असणार, हे लक्षात ठेवूनच विचारणा करावी.

घाणीचा चुना (सातारा)

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. ठेकेदाराने सुचवलेली दोन्ही कामे कृपया थांबवावीत.

प्रथम गिलाव्याविषयी. आपली भिंत चुन्यात बांधलेल्या विटांची आहे. अशी भिंत जमिनीतून आणि पुरातून पाणी शोषते आणि ते पृष्ठभागातून हळूहळू बाहेर सोडते. चुन्याच्या गिलाव्याला सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे ही वाफ बाहेर पडू शकते. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही पृष्ठभागाकडे येतात, ज्याला आपण लोणा म्हणतो. चुन्याच्या गिलाव्यावर हा लोणा बाहेर फुलतो, तो कोरड्या ब्रशाने झाडून काढता येतो, आणि फार झाले तर काही वर्षांनी तेवढा गिलावा बदलावा लागतो. गिलावा झिजावा आणि भिंत वाचावी, अशीच ही योजना आहे. सिमेंटचा घट्ट थर लावला की बाष्पीभवनाची जागा बदलते. पाणी थराच्या मागे अडते, क्षारांचे स्फटिक विटेच्या आत वाढतात आणि वीट आतून फोडतात. २००५ नंतरचा भाग फुगला आणि वरचा जुना चुना टिकला, यामागचे कारण हेच आहे. जलरोधक रसायन घातल्यास हाच परिणाम अधिक वेगाने होईल, आणि ओल वरच्या चांगल्या भागाकडे चढू लागेल.

तेव्हा सिमेंटचा भाग हलक्या हाताने, छिन्नी आडवी धरून काढावा. हातोडीयंत्र लावू नये. भिंत उघडी झाल्यावर लगेच नवा गिलावा करण्याची घाई टाळावी. पुराचे पाणी प्यायलेली दोन-अडीच फुटांची भिंत वाळायला कित्येक महिने लागतात. एक उन्हाळा तिला मोकळा मिळावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळता ठेवावा आणि वर येणारा लोणा वेळोवेळी झाडत राहावा. पाण्याने धुऊ नये, कारण क्षार पुन्हा आत जातात. सांध्यांत अडकलेला नदीचा गाळही याच वेळी खरवडून काढावा. भुगा झालेल्या विटा तेवढ्याच काढून त्याच मापाच्या जुन्या, चांगल्या भाजलेल्या विटा चुन्यात बसवाव्यात.

गिलाव्यासाठी कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) विझवून, पाण्याखाली मुरवून घ्यावा. पूर्वी तो बैलांच्या घाणीत वाळूबरोबर मळत असत. आज चक्कीत मळून घेता येतो, पण मळणे चुकवू नये. खालच्या, वारंवार ओल्या होणाऱ्या भागात वाळूचा काही हिस्सा कमी करून विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालावी. या भुकटीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. गूळ, हिरडा, मेथी यांचे पाणी घालण्याची परंपरा आहे आणि योग्य प्रमाणात ते कामी येते, परंतु चुना नीट मुरलेला नसेल तर यांपैकी काहीही घालून उपयोग होत नाही. थर पातळ द्यावेत, प्रत्येक थर ओलसर ठेवून सावकाश वाळू द्यावा आणि शेवटी तैलरंग किंवा प्लॅस्टिक रंग न देता चुन्याचीच सफेदी करावी. रंगाच्या पापुद्र्यानेही सिमेंटसारखाच अडथळा होतो, ही गोष्ट घरमालकांना पटवणे मला नेहमी अवघड जाते.

आता वखारीच्या छताविषयी. गर्डरवर विटांच्या चपट्या कमानी, म्हणजे जॅक आर्च, ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्या, रेल्वेच्या इमारती आणि गोदामांसाठी सर्रास वापरलेली पद्धत आहे. लाकडी छताच्या तुलनेत ती आगीला अधिक टिकते आणि माडीवर मालाच्या थप्प्या रचता येतात. प्रत्येक कमान शेजारच्या गर्डरला बाजूने रेटत असते. मधल्या कमानींचा रेटा एकमेकांविरुद्ध जाऊन मिटतो, पण शेवटच्या खणाचा रेटा भिंतीवर येतो. तो रोखण्यासाठी गर्डरना जोडणाऱ्या लोखंडी सळ्या, म्हणजे टायरॉड, घातलेल्या असतात. विजेचा पाइप किंवा पंखा बसवताना या सळ्या कापल्या गेल्याचे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. आपल्याकडे त्या सर्व शाबूत आहेत का, ते सर्वांत आधी तपासावे. मधली एखादीच कमान पाडून तेथे स्लॅब टाकला, तर शेजारच्या कमानींचा तोल जातो आणि उरलेले छत धोक्यात येते.

खरा शत्रू गंज आहे. लोखंड गंजताना फुगते, त्यामुळे गर्डरच्या खालच्या पट्टीलगतच्या विटा सुटतात आणि कमानीत गर्डरच्या समांतर भेग पडते. अशी भेग दिसेल तेथे गंज घासून, पट्टीची उरलेली जाडी मोजून, मगच निर्णय घ्यावा. गर्डरची टोके भिंतीत जेथे शिरतात ती जागा खास पाहावी, कारण ओल तेथेच साठते. हे मोजमाप जुन्या बांधकामाची सवय असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घ्यावे. जाडी कमी झाली असली तरी खालून नवा आधार देऊन किंवा जोडपट्टी बसवून छत वाचवता येते. ओट्यावरच्या खांबांबाबत एक सूचना: ओतीव लोखंड दाब उत्तम पेलते, पण ताण आणि हादरा सोसत नाही, आणि साध्या वेल्डिंगने तडकते. त्यांना रेलिंग किंवा फलकाची पट्टी वेल्ड करू देऊ नका.

हरिपूर रोड

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. इमारत तशी का बांधली गेली, यावर थोडे लिहितो, कारण त्यावरून कोणता भाग मूळचा हे ओळखायला मदत होईल.

चिंतामणराव पटवर्धन यांनी १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला राजधानी केली. गणेशदुर्ग, नदीकाठचे गणपती मंदिर आणि पेठा ही त्यानंतरची वाढ. पेठेतल्या सुरुवातीच्या इमारती साहजिकच लाकडी चौकटीच्या वाड्यांसारख्या होत्या. लोखंडी गर्डर येथे सहज पोहोचू लागले ते रेल्वेमुळे. पुण्याहून मीटरगेज मार्ग मिरजेला आला, १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर मार्ग सुरू झाला आणि १९०७ मध्ये मिरजेहून सांगलीपर्यंत संस्थानचा स्वतंत्र फाटा आला. शहराच्या मध्यभागी रेल्वे नसताना स्टेशन चौक आहे, तो त्या जुन्या स्थानकामुळे. बैलगाडीवरून आणणे कठीण असलेले वीस फुटी गर्डर १९०७ नंतर पेठेपासून थोड्या अंतरावर उतरू लागले. १९१५ ची इमारत वर कडीपाटाची आणि खाली गर्डरची असणे या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे. सुतारांनी माडी जुन्या सवयीने बांधली आणि जेथे ओझे होते तेथे नवे सामान वापरले.

दोन वखारी असूनही त्या फार मोठ्या नाहीत, हे आपल्या वर्णनावरून जाणवते. हळदीचा मोठा साठा पेठेत ठेवण्याची गरजच नव्हती. तो हरिपूर परिसरातल्या जमिनीखालच्या पेवांत राहत असे. तेथील मातीत खोल खणलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिके. पेठेत यायचा तो नमुना, आणि व्हायचा तो सौदा. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची पद्धत रुंद ओट्याशिवाय आणि बैठकीशिवाय शक्य नव्हती. म्हणून आपल्या इमारतीचे हृदय वखारीत नसून ओटा, सुट्या फळ्यांची दारे आणि बैठक या भागात आहे. फळ्या काढल्या की पाचही खण रस्त्याला उघडतात आणि पेढीवर बसलेल्याला पेठ दिसते. भाडेकरूंना शटर हवे असेल तर ते आतल्या ओळीत बसवावे, पण खाचा आणि क्रमांक घातलेल्या फळ्या मोडीत जाऊ नयेत. २००५ च्या पुरात हरिपूरची बहुतेक पेवे नष्ट झाली. पेव गेले, सौदे यार्डात गेले. हळदीच्या त्या व्यवहाराची उभी राहिलेली खूण म्हणून अशा पेढ्याच उरल्या आहेत, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हाही या इमारतींकडे कोणाचे लक्ष गेले नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

जोत्याच्या उंचीबद्दलही सांगावेसे वाटते. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पुराची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. इतक्या पाण्यापुढे कोणतेही जोते पुरणार नाही. म्हणून पाणी आत येणारच नाही अशी दुरुस्ती करण्यापेक्षा पाणी येऊन गेल्यावर इमारत लवकर वाळेल अशी दुरुस्ती करावी. विजेच्या जोडण्या माडीच्या पातळीवरून घ्याव्यात आणि खालच्या खोल्यांत प्लायवूडची जडणघडण टाळावी.

गणपतीपेठकर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनेनुसार आज दोन्ही वखारींत दिवा घेऊन पाहिले. पुढच्या वखारीच्या गर्डरवर इंग्रजीत 'डोर्मन लाँग, मिडल्सबरो' अशी उठावदार अक्षरे आहेत. चौकापलीकडच्या वखारीत मात्र 'टिस्को' असे आहे, आणि तेथील फरशी रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइलची आहे. पुढे सर्वत्र शहाबादी आहे. शेवटच्या खणातली एक टायरॉड खरोखरच कापलेली आढळली. मागची वखार नंतरची समजावी का? आणि कापलेल्या सळीबाबत लगेच काय करावे?

मोडीवाचक

होय, मागची वखार नंतरची असण्याची शक्यता प्रबळ आहे. डोर्मन लाँग ही इंग्लंडमधली कंपनी, आणि तिचे गर्डर महायुद्धापूर्वी मुंबई बंदरातून सर्वत्र जात. जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात, म्हणजे टिस्कोत, पोलाद तयार होऊ लागले ते १९१२ मध्ये. त्यामुळे टिस्कोचा गर्डर त्याआधीचा असूच शकत नाही, आणि युद्धाने आयात मंदावल्यावर देशी गर्डरचा वापर वाढणे स्वाभाविक होते. नक्षीच्या सिमेंट टाइल देशात ठळकपणे बनू लागल्या त्या मुंबईच्या भारत टाइल्सची १९२२ मध्ये स्थापना झाल्यानंतर. तत्पूर्वी त्या परदेशातून येत. एखादी सुटी टाइल सापडल्यास तिच्या पाठीवरचा छाप पाहावा. फरशी नंतर बदललेली असू शकते, म्हणून मागच्या वखारीसाठी १९२० च्या दशकातल्या खतावण्या आधी चाळाव्यात.

घाणीचा चुना (सातारा)

कापलेल्या सळीच्या खणाखाली आज-उद्याच लोखंडी टेकू उभे करावेत, आणि त्या खणावरच्या माडीतला माल हलवावा. टेकू गर्डरखाली द्यावेत, कमानीच्या विटांखाली देऊ नयेत. टेकूच्या पायाशी जाड फळी ठेवावी, म्हणजे फरशी खचणार नाही. त्या खणालगतच्या बाहेरच्या भिंतीवर भेग असल्यास तिच्यावर जिप्समची पातळ पट्टी लावून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकते आहे असे समजावे आणि अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावे. नवी सळी तेवढ्याच जाडीची, दोन्ही टोकांना आटे पाडून नटाने आवळता येईल अशी करावी. ती एकदम आवळू नये, थोडी थोडी आवळत जावी. हे झाल्याशिवाय खालच्या सिमेंटच्या गिलाव्याला हात लावू नये, कारण ठोकण्याचे हादरे याच खणाला सर्वांत आधी बसतील.